मुदत अठ्ठेचाळीस मिनिटांची

१ एप्रिल १९४६ च्या रात्री अलास्कातल्या स्कॉच कॅप भूशिरावरचे दीपगृह समुद्राने पायापासून उखडून नेले. आत अमेरिकी तटरक्षक दलाचे पाच जण होते, पाचही गेले. जमीन हलली तेव्हा घड्याळात दीड वाजला होता. लाट आली दोन वाजून अठरा मिनिटांनी. मधली ४८ मिनिटे त्या पाचांच्या हातात होती आणि उंच जागा पाठीशीच होती. पण आपल्याला मुदत मिळाली आहे आणि ती संपत चालली आहे, हे कळायला त्यांच्याकडे काही मार्ग नव्हता. तीच लाट पुढे हवाईला गेली. तिथे मुदत जवळजवळ पाच तासांची होती, तरी तिथे दीडशेहून अधिक माणसे मेली.

त्या रात्रीचा हा घटनाक्रम. वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या आहेत.

लाटेआधी ४३ वर्षे

अलास्काच्या नैऋत्य टोकापासून रशियाच्या दिशेने बेटांची एक लांब माळ गेली आहे. ही अल्यूशियन बेटे. त्यांतले सर्वांत मोठे युनिमॅक. बेट ज्वालामुखींचे आहे. त्यांतला शिशाल्डिन २,८५० मीटरहून उंच, बारमाही बर्फाने झाकलेला. युनिमॅकच्या पश्चिमेची सामुद्रधुनी म्हणजे पॅसिफिक महासागरातून बेरिंग समुद्रात शिरण्याचा मुख्य दरवाजा. विसाव्या शतकाच्या तोंडावर बेरिंगच्या काठी नोमला सोने सापडले आणि या दरवाजातून जहाजांची रीघ लागली. धुके, वादळे आणि खडक यांच्यामुळे त्यांतली काही परतलीच नाहीत.

म्हणून १९०३ मध्ये बेटाच्या नैऋत्य कोपऱ्यावरच्या स्कॉच कॅप भूशिरावर दिवा लागला. अलास्काच्या खुल्या समुद्राकडच्या किनाऱ्यावरचे हे पहिले दीपगृह. लाकडी इमारत, तिच्यावर अष्टकोनी लाकडी मनोरा. पुढच्याच वर्षी सामुद्रधुनीच्या बेरिंगकडच्या तोंडाशी केप सॅरिचेफचे दीपगृह उभे राहिले. दोन दिवे मिळून हा दरवाजा राखू लागले.

इथली नोकरी एकांतवासाची होती. बायकामुलांना इथे आणायची परवानगी नव्हती. तीन वर्षे सलग सेवा केली की चौथे वर्ष रजेचे, असा नियमच होता. शेजार म्हणावा तर केप सॅरिचेफचा, तोही मैलोन्‌मैल दूर. पण समुद्राने टाकून दिलेल्या माणसांना याच जागेने आसरा दिला. १९०९ मध्ये 'कोलंबिया' नावाचे जहाज जवळच फुटले. त्यावरची १९४ माणसे दोन आठवडे स्कॉच कॅपवर राहिली. मोजक्या माणसांसाठी भरलेल्या कोठीतून दोनशे तोंडांना घास पुरवायचा म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. १९४२ मध्ये रशियाचे 'तुर्कसिब' फुटले, तेव्हाही सुमारे ६० खलाशी कित्येक आठवडे इथेच होते.

लाटेआधी ६ वर्षे

१९३९ मध्ये अमेरिकेतली दीपगृहे तटरक्षक दलाच्या ताब्यात आली. १९४० मध्ये स्कॉच कॅपच्या जुन्या लाकडी दीपगृहाशेजारी नवी इमारत बांधली गेली. ही लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची होती, जाड भिंतींची, पाच मजली उंचीची. पाया समुद्रापासून दहा-बारा मीटरांवर, दिवा सुमारे २८ मीटरांवर. बेरिंगच्या वाटेवरचे कुठलेही वादळ सोसेल अशीच ती बांधली होती आणि वादळे तिने सोसलीही.

दीपगृहाच्या मागे कडा होता. कड्याच्या माथ्यावर, समुद्रापासून सुमारे ३० मीटर उंचीवर, तटरक्षक दलाचेच दिशाशोधक रेडिओ केंद्र होते. जहाजाच्या रेडिओवरून त्याची दिशा काढून त्याला ठावठिकाणा कळवायचा, हे त्याचे काम. म्हणजे खाली दिव्याचा पहारा, वर रेडिओचा. पुढे जे झाले त्याची मिनिटवार नोंद आज आपल्याकडे आहे ती या वरच्या केंद्रामुळे. केंद्राचे प्रमुख होबन सॅनफर्ड यांनी त्या रात्रीची नोंद ठेवली. खालच्या दीपगृहातून सांगायला कुणी उरलेच नाही.

लाटेआधी ४ महिने

इथे थोडे आपल्या किनाऱ्याकडे यावे लागते. २८ नोव्हेंबर १९४५ ची पहाट. भारतीय वेळेनुसार साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्यालगत, आजच्या पाकिस्तानातल्या पसनीजवळ, समुद्राच्या तळाशी ८.१ क्षमतेचा भूकंप झाला. उठलेली लाट अरबी समुद्र ओलांडून सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्याला लागली. मुंबईत तिची उंची सुमारे दोन मीटर होती. नांगरलेल्या बोटी सुटल्या, किनाऱ्यावरची माणसे वाहून गेली.

भूकंपापासून लाटेपर्यंत पावणेपाच तासांच्या आसपास वेळ गेला होता. मुंबईत तार होती, टेलिफोन होते, रेडिओ होता. पण मकरानला जमीन हलली म्हणून वर्सोव्याच्या कोळ्याने होडी वर ओढून ठेवावी, हे त्याला सांगणारी व्यवस्था जगात कुठेच नव्हती. चारच महिन्यांनी तेच दुसऱ्या महासागरात घडायचे होते.

लाटेआधी दीड तास: मध्यरात्रीनंतरचा काळोख

३१ मार्च सरून १ एप्रिल लागला. अमावास्या तोंडावर आलेली, त्यामुळे आकाशात चंद्र नव्हता. दीपगृहात पाच जण होते. त्यांचे प्रमुख अँथनी पेटिट. पाचांपैकी कोण पहाऱ्यावर होता आणि कोण झोपला होता, हे लिहून ठेवलेली वही लाटेबरोबर गेली. दिवा मात्र लागलेला होता, कारण तो रोज रात्री लागायचा.

१.३०: पहिला हादरा

जमीन हलली. वरच्या केंद्राची इमारत करकरली, सॅनफर्ड यांच्या कपाटाच्या फळीवरून वस्तू खाली पडल्या. हादरा ३० ते ४० सेकंद टिकला. मग सारे थांबले.

पडझड झाली नाही. इमारती जागच्या जागी होत्या. युनिमॅकसारख्या ज्वालामुखीच्या बेटावर राहणाऱ्या माणसाला हादरा हा काही नवलाचा प्रकार नव्हे. असा धक्का बसला की माणूस डोंगराकडे बघतो. समुद्राकडे बघावे असे कुणी शिकवलेले नव्हते.

हादऱ्याचे केंद्र दीडशे किलोमीटरच्या आसपास आग्नेयेला होते. तिथे अल्यूशियन खंदकात पॅसिफिकचा तळ उत्तर अमेरिकेच्या भूखंडाखाली सरकत जातो. वर्षानुवर्षे अडकून राहिलेला हा सांधा त्या क्षणी सुटला आणि समुद्राचा तळ वर उचलला गेला. तळ उचलला की त्याच्या वरचे सगळे पाणी उचलले जाते. पाण्याने भरलेल्या परातीला खालून ठोसा दिला तर पाणी काठाकडे धावते, तसे ते चहूकडे धावू लागले.

या भूकंपात एक दगा होता. त्या वेळच्या उपकरणांवर त्याची क्षमता ७.४ भरली. एवढ्या भूकंपाने एवढी लाट उठायला नको होती. पुढे नव्याने हिशेब मांडला तेव्हा ती ८.६ च्या घरात निघाली. तळ हळूहळू, सावकाश सरकला होता. असा संथ भूकंप इमारती फारशा हलवत नाही, पण पाणी मात्र पूर्ण ताकदीने ढकलतो. १९७२ मध्ये हिरोओ कानामोरी या शास्त्रज्ञाने अशा भूकंपांना 'त्सुनामी भूकंप' हे वेगळे नाव दिले, आणि १९४६ चा हा भूकंप त्याचे ठळक उदाहरण ठरला. स्कॉच कॅपच्या लोकांना हादऱ्यावरून लाट ओळखता आली नाही, यात त्यांची चूक नव्हती. तो मुळातच फसवा होता.

१.३० ते १.५७: लाट वाटेवर

अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटरने जाते, म्हणजे जवळजवळ विमानाच्या वेगाने. तिथे तिची उंची मीटरभरही नसते आणि एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरहून जास्त असू शकते. वरून जाणाऱ्या जहाजाला ती कळतही नाही. किनारा जवळ आला, तळ वर आला की तिचा वेग उतरतो. पन्नास मीटर पाण्यात तो ताशी ८० किलोमीटरवर येतो. पुढचे पाणी मंदावते, मागचे येतच राहते, आणि वेगातले बळ उंचीत जाते.

स्कॉच कॅपला ४८ मिनिटे मिळाली ती याच उतरत्या वेगामुळे. खोल पाण्यातले अंतर लाटेने झपाट्याने कापले. बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात तिचा वेळ गेला. आज याचे गणित शाळकरी मुलालाही समजावून सांगता येते. सूत्र त्या काळीही शास्त्रज्ञांना ठाऊक होते. त्या रात्री ते कुणी कुठेच मांडले नाही.

१.५७: दुसरा हादरा

पुन्हा जमीन हलली. सॅनफर्ड यांच्या नोंदीप्रमाणे हा धक्का पहिल्यापेक्षा कमी वेळ टिकला, पण जोर जास्त होता. इमारत पुन्हा करकरली. याही वेळी नुकसान दिसले नाही.

मुदतीतली २७ मिनिटे संपली होती, २१ उरली होती. कड्यावर चढायला एवढी पुष्कळ होती. खाली पाच माणसे पाच मजली काँक्रीटच्या आत होती, आणि वादळात सुरक्षित जागा कुठली असे कुणी विचारले असते तर त्यांनी तीच दाखवली असती. घट्ट बांधलेल्या घरावरचा विश्वास माणसाला घराबाहेर पडू देत नाही. समुद्र वादळातला असता तर तो विश्वास खोटा ठरलाही नसता.

२.१८: लाट

वरच्या केंद्रात समुद्राची भयानक गर्जना ऐकू आली. तिच्या पाठोपाठ पाणी आले. लाटेचा माथा दीपगृहामागच्या कड्याच्याही वर चढला आणि ३० मीटर उंचीवरच्या रेडिओ केंद्रावर आदळला. केंद्राची बरीच मोडतोड झाली. सॅनफर्ड यांनी आपल्या माणसांना आणखी उंचावर जायला सांगितले. ती सारी वाचली.

खाली दिवा विझलेला होता.

कड्यावर पाण्याने सोडलेल्या खुणांवरून पुढे उंची काढण्यात आली. जुन्या मोजणीत ती सुमारे ३५ मीटर भरली, नंतरच्या मोजणीत ४२. दीपगृहाचा दिवा २८ मीटरांवर होता. म्हणजे लाट दिव्याच्याही वरून गेली. इतके पाणी इथेच एवढे का चढले, समुद्राच्या तळाशी दरडही कोसळली होती का, यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. पाच मजली काँक्रीट त्या पाण्यापुढे किती वेळ टिकले असेल, यावर वाद होण्याचे कारण नाही.

२.१८ नंतर: एक निरोप

अंधारात, मोडक्या केंद्रातून, आणीबाणीच्या रेडिओवर निरोप गेला. भूकंपामागोमाग प्रचंड लाट आली आहे, ही जागा सोडावी लागेल असे दिसते, दीपगृह गेले असावे, असा त्याचा आशय होता.

या घटनाक्रमातले सर्वांत महत्त्वाचे मिनिट माझ्या मते हे आहे. लाट आली आहे आणि ती किती मोठी आहे, हे स्वतः अनुभवलेला माणूस रेडिओवर बोलत होता. हवाई तिथून ३,७०० किलोमीटरवर. तिथली घड्याळे अर्धा तास पुढे होती. तिथे तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते. हवाईच्या पहिल्या किनाऱ्यावर लाट पोहोचायला अजून तीन तास होते, हिलो शहराला चार. निरोप होता, रेडिओ होता, वेळ होता. तो निरोप हवाईसाठी आहे हे ओळखून पुढे धाडणारा माणूस तेवढा कुठल्याच टेबलावर नेमलेला नव्हता.

हे सुचण्यासारखे नव्हते असेही नाही. हवाईत ज्वालामुखी वेधशाळा चालवणाऱ्या टॉमस जॅगर यांनी फेब्रुवारी १९२३ मध्ये भूकंपमापकावरची कामचाट्काच्या भूकंपाची नोंद पाहून हिलोच्या बंदराला लाटेचा इशारा दिला होता. तो कुणी मनावर घेतला नाही, आणि लाट आली. १९३३ मध्ये जपानच्या सानरिकूला भूकंप झाला तेव्हा त्यांचा इशारा लोकांनी ऐकला आणि हिलोतल्या होड्या वेळेत हलल्या. म्हणजे रीत सापडलेली होती, एकदा यशस्वीही झाली होती. पण ती एका जागरूक माणसाची रीत होती. रात्री-अपरात्री कुणीतरी जागे राहून ती चालवेल, अशी व्यवस्था तिच्यातून उभी राहिली नाही.

५.५५: काउआई

पहाटे सहाच्या सुमारास लाट हवाईच्या उत्तरेकडच्या काउआई बेटाला लागली. आता निदान शेजारच्या बेटांना कळवायला हवे होते. पण फटक्यासरशी किनाऱ्यावरचे दळणवळण कोलमडत होते, आणि लाट बेटामागून बेट गाठत चालली होती.

६.३० च्या सुमारास: ओआहू

होनोलुलूच्या बंदरात पाणी चढले. ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर एका घरात फ्रान्सिस शेपर्ड नावाचे समुद्रशास्त्रज्ञ पत्नीसह मुक्कामाला होते. फुत्कारासारख्या प्रचंड आवाजाने त्यांना जाग आली. ते बाहेर धावले, पाणी ओसरताना पाहिले आणि कॅमेरा घेऊन पुढची लाट टिपायला किनाऱ्यावर उभे राहिले. ती पहिलीपेक्षा मोठी होती. दोघांना जीव घेऊन पळावे लागले. घराची वाताहत झाली. समुद्राचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाही त्या सकाळी पुढची लाट मोठी असू शकते हे आधी उमगले नाही. मग इतरांना दोष कुणी द्यावा? शेपर्ड यांनीच पुढे सहकाऱ्यांसह या लाटेचा तपशीलवार अहवाल लिहिला.

७.०० च्या सुमारास: हिलो

हिलो हे हवाई बेटावरचे मोठे शहर. त्याची बाजारपेठ थेट खाडीच्या काठावर होती. तिला लागून रेल्वेचे रूळ आणि शिन्माची ही जपानी वंशाच्या कुटुंबांची वस्ती. सकाळची वेळ, दुकाने उघडत होती, मुले शाळेला निघाली होती.

आधी पाणी मागे गेले. एरवी कधी न दिसणारा तळ उघडा पडला, मासे तडफडू लागले. माणसे बघायला पुढे गेली. कुणीतरी ओरडत आले की लाट येते आहे, तर ऐकणाऱ्यांना ती एक एप्रिलची थट्टा वाटली. तारखेनेही त्या दिवशी दावा साधला.

लाटा पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने येत राहिल्या. सुरुवातीच्या ओसरल्या म्हणून जे परत खाली आले ते मोठ्या लाटेत सापडले. पाणी आठ मीटरांपर्यंत चढले. किनाऱ्याकडची इमारतींची रांग रस्ता ओलांडून समोरच्या रांगेवर जाऊन पडली, रेल्वेच्या लोखंडी पुलाचा एक गाळा नदीतून आत वाहून गेला, शिन्माची पुसली गेली. एकट्या हिलोत ९६ माणसे गेली.

हिलोच्या उत्तरेला लौपाहोएहोए नावाचे एक सखल भूशिर आहे. त्याच्यावर शाळा होती. शाळा भरायची वेळ होत होती. समुद्र ओसरलेला पाहून मुले पाण्याकडे धावली. तिथे मुले आणि शिक्षक मिळून वीसहून अधिक जण बुडाले.

संपूर्ण हवाईत मृतांचा आकडा १५९ झाला. पाणी तिथेही थांबले नाही. कॅलिफोर्नियात एकाचा बळी गेला, आणि अंटार्क्टिकाच्या काठावरची ब्रिटिशांची एक रिकामी झोपडीसुद्धा वाहून गेली असे मानले जाते.

उजाडल्यावर: स्कॉच कॅप

रेडिओ केंद्राची माणसे खाली उतरली. दीपगृहाच्या जागी पायाचा भाग आणि काँक्रीटचे तुकडे तेवढे होते. कड्यावर मोडके सामान पसरले होते. पाचांचा पत्ता नव्हता. त्या दिवशी आणि पुढच्या काही आठवड्यांत काही अवशेष तेवढे सापडले.

तात्पुरता दिवा लवकरच लागला, कारण सामुद्रधुनीतली जहाजे थांबणार नव्हती. १९५० मध्ये नवे दीपगृह बांधले ते जास्त उंचावर. १९७१ मध्ये ते स्वयंचलित झाले आणि स्कॉच कॅपवर माणूस ठेवायची गरज संपली. अमेरिकी तटरक्षक दलाने पुढे बोयांची देखभाल करणाऱ्या जहाजांची एक मालिका बांधली आणि त्यांना दीपगृह राखणाऱ्यांची नावे दिली. त्यांतले एक 'अँथनी पेटिट'. ते अलास्काच्याच पाण्यात काम करते.

लाटेनंतर ३ वर्षे

हवाईतल्या मृत्यूंनंतर प्रश्न एकच उरला: पाच तास हातात असताना कुणी सांगितले का नाही? त्या प्रश्नातून पॅसिफिकची इशारा-व्यवस्था जन्मली. होनोलुलूजवळच्या एव्हा बीच इथल्या वेधशाळेत १९४९ मध्ये केंद्र सुरू झाले. भूकंपमापकावर मोठा धक्का उमटला की घंटा वाजायची, भरती-ओहोटी मोजणाऱ्या ठाण्यांकडून पाण्याची खबर यायची, आणि मग किनाऱ्यांना निरोप जायचा. नेमून दिलेले टेबल अखेर तयार झाले.

लाटेनंतर १४ वर्षे

पण टेबल असणे पुरेसे नसते, हे त्याच हिलोने दाखवून दिले. २२ मे १९६० रोजी चिलीत मोजणीच्या इतिहासातला सर्वांत मोठा भूकंप झाला. इशारा वेळेत निघाला. हिलोत संध्याकाळीच भोंगे वाजले. लाट मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास आली. म्हणजे लोकांना तासन्‌तास मिळाले होते. तरीही ६१ जण मेले. भोंग्याचा नेमका अर्थ काय, निघायचे की आणखी सूचनेची वाट पाहायची, हे अनेकांना कळले नव्हते. काही जण तर लाट बघायला थांबले होते.

लाटेनंतर ५८ वर्षे

२६ डिसेंबर २००४. सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्राच्या किनाऱ्याजवळ तळ फाटला. भारताचे दक्षिण टोक म्हणजे ग्रेट निकोबारवरचा इंदिरा पॉइंट, आणि त्यावर १९७२ पासून उभे असलेले दीपगृह. इथली जमीनच सुमारे सव्वाचार मीटर खचली. दीपगृहाचा मनोरा टिकला, पाया पाण्यात गेला, आणि भोवतालची वस्ती माणसांसकट वाहून गेली. केंद्र इतके जवळ होते की तिथल्या लोकांना मुदत जेमतेम मिळाली. पण चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर लाट पोहोचली ती सुमारे अडीच तासांनी. रविवारची सकाळ, किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसे, आणि कुणालाच काही ठाऊक नाही. पॅसिफिकसाठी ५५ वर्षे चाललेली व्यवस्था हिंदी महासागरासाठी उभारलीच गेली नव्हती.

१५ ऑक्टोबर २००७ रोजी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र सुरू झाले. आज मकरान हलले तर काही मिनिटांत तिथे कळते.

पुढच्या लाटेआधी

मुंबई १९४५, हवाई १९४६, चेन्नई २००४. तिन्ही ठिकाणी समुद्राने तास दिले होते आणि तिन्ही ठिकाणी ते वाया गेले. हिलोत १९६० साली इशाराही होता, तो पोहोचला पण समजला नाही. स्कॉच कॅपला मिनिटेच होती, पण पाच माणसांना तीही पुरली असती. म्हणून लाटेची उंची किती होती, यापेक्षा मुदतीचे काय झाले हा प्रश्न मला मोठा वाटतो. उंची आपल्या हातात नाही. मुदत आहे.

कोकणासाठी याचा अर्थ सरळ आहे. मकरानचा भूकंप रत्नागिरीत किंवा मालवणात जाणवेलच असे नाही. तिथे जमीन आपल्याला सांगणार नाही, माणसालाच सांगावे लागेल. हैदराबादहून निघालेला निरोप मुंबई, जिल्हाधिकारी, तहसीलदार, सरपंच अशा पायऱ्या उतरत पहाटे चार वाजता जाळे घेऊन निघालेल्या माणसापर्यंत पोहोचला, तरच तो इशारा. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाने 'त्सुनामीसाठी सज्ज' अशी मान्यता दिली. तिथे पळण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत, पाट्या लागलेल्या आहेत, गावाने सराव केलेला आहे. यात महाग असे काही नाही. कोकणातल्या प्रत्येक किनारी गावाने हेच करायला हवे, आणि शाळेपासून सुरुवात करायला हवी, कारण लौपाहोएहोएला पाण्याकडे धावली ती मुलेच होती.

शिकवायचे ते थोडके आहे. समुद्रकाठी जमीन हलली आणि थांबली, तरी तिथे थांबू नये. पाणी अवेळी मागे गेले तर बघायला पुढे जाऊ नये, टेकडी गाठावी. पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नये. निदान काही तास वरच राहावे. आणि आपल्याला कळले असेल तर शेजारच्या वाडीला सांगितल्याशिवाय एकट्याने चढू नये. १९४६ साली हे कुणाच्याच हातात नव्हते. आज ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे यापुढे वाया जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाची जबाबदारी आपली आहे.